सातव्या फेरीले उकळते

रविवार, ३ मार्च

पुन्हा उकळली! सहा फेऱ्या मस्त झाल्या. सातवीच्या वळणावर टेंपरेचरचा काटा चढला त चढतच गेला. आकांक्षानं गाडी बाजूले घेतली. बॉनेट उघडलं त वाफेचा हा भपकारा, अन् अर्धी बादली पाणी मातीत.

समुद्रपूर रोडच्या बंद कारखान्याच्या आवारात आमचा सराव चालते. चौकीदार ओळखीचा, गेट उघडून देते. आज तो म्हणे, "मिस्त्री, चहाचं भांडं ठेवू काय याच्यावर?" मले हसू आलं नाई.

सव्वीस वर्षं जुनी गाडी. मागची सीट, एसी, दारांची आतली गादी, सगळं काढून फेकलं. आत लोखंडी पिंजरा वेल्ड केला. इंजिन मी माझ्या हातानं खोललं, सिलिंडरचा बोअर वाढवला, इंजिनाचा वरचा भाग, हेड, घासलं. ताकद दीडपट झाली, अन् गरमीही दीडपट. ती बाहेर निघून नाई राह्यली.

अठ्ठावीस एप्रिलले नागपूरकडच्या ट्रॅकवर दक्षिणेतली रेसिंग टीम येणार आहे. ज्याची त्यानं आपली गाडी आणायची, सलग दहा फेऱ्या मारून दाखवायच्या. आवडला त्याले वर्षभर त्यांच्या गाडीत बसवणार. माझी पोरगी आकांक्षा पंचवीसची झाली. दिवसभर वर्ध्याच्या शोरूममध्ये जॉब कार्ड लिहिते — गिऱ्हाइकाले विचारते, आवाज कोणत्या चाकातून येते. पुढच्या वर्षी त्यांच्या नियमात तिचं वय बसत नाई. म्हणजे हीच एक संधी.

दहा फेऱ्या पाहिजेत. होतात सहा. वरच्या चार कुठून आणू?


मंगळवार, ५ मार्च

आज डोकं फिरलं. इथंच लिहितो, कुणाले सांगू?

आकांक्षा शोरूममधून सरळ गॅरेजवर आली. जयवंता बसला होता — माझा जुना दोस्त, रेडिएटरचं डागकाम करते. दोन गिऱ्हाइकंही उभे होते. सगळ्यांसमोर म्हणे, "बाबा, थर्मोस्टॅट घालून पाहू."

थर्मोस्टॅट! मले! इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या तोंडावर बसवलेलं हे स्प्रिंगचं झाकण. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरते. थंड मुलखात ठीक आहे बापा. इथं शेहेचाळीस डिग्रीत पाणी अडवायचं कायले? सेलूत कोणतीही गाडी माझ्याकडे पहिल्यांदा आली का मी आधी ते काढून टाकतो. चौतीस वर्षं काढून राह्यलो. काढलेले सगळे तारेत ओवून गॅरेजच्या भिंतीवर टांगले आहेत. केळझरपासून वर्ध्यापर्यंत लोक म्हणतात, गाडी गरम होते काय, हेमराज मिस्त्रीकडे न्या.

ती म्हणे, "या इंजिनात ते काढलं का आतली आडवाट उघडी राह्यते. गरम पाणी रेडिएटरले न जाता तसंच परत इंजिनात फिरते." मी म्हणलं, "तुह्या डिप्लोम्याच्या आधी मी शंभर इंजिनं बांधली. मले नोको शिकवू." जोरात म्हणलं. जयवंता हसला. गिऱ्हाइकं हसले. मीही हसलो.

तिनं हातातला पाना खाली ठेवला अन् घरी गेली.

जेवताना माझी बायको कांता म्हणे, "पोरीले चारचौघांत असं बोलाव काय?" चूक बोललो असतो त बोललो असतो सॉरी.


बुधवार, ६ मार्च

ती थर्मोस्टॅटचं नावही काढत नाई. बरं आहे.


मंगळवार, १२ मार्च

मोठा रेडिएटर आणला. जीपचा, भंगारातला, पण जाळी धड. जयवंतानं नळ्या डागल्या, मी समोरचा पत्रा कापून बसवला. दोन दिवस गेले. आकांक्षानं पत्रा धरला, बोल्ट दिले. नुसतं "हो बाबा", "आणते बाबा".

आता नाई उकळणार. दुप्पट पाणी मावते त्यात.


रविवार, १७ मार्च

सातवी फेरी. फक्त या वेळी सातवीच्या शेवटी.

दुप्पट पाणी, दुप्पट जाळी, अन् मिळाली अर्धी फेरी! मी चाकाजवळ मातीतच बसलो. चौकीदार चहा घेऊन आला, त्यानंही आज थट्टा केली नाई.


बुधवार, २० मार्च

पाण्याचा दोष असंल. आपल्याकडचं बोअरचं पाणी, कढईत उकळलं तरी पांढरा थर बसते. इंजिनाच्या आत काय होत असंल? तेजाब टाकून सगळं धुतलं. मग कॅनचं गोड पाणी अन् कूलंट. हिरवंगार, शरबतासारखं.

कारखान्याच्या आवारात संध्याकाळी पळवली. सातवी.


सोमवार, २५ मार्च

धुळवड. सगळे रंगले, मी बॉनेटले भोकं पाडत बसलो. गरम हवा वरून निघावी म्हणून. हाताले पत्रा लागला, चार टाके.


रविवार, ३१ मार्च

सातवी. सातवी! त्या आकड्याची चीड आली आता.

पंखे दोन लावले. भोकं पाडली. रेडिएटर मोठा. पाणी गोड. पंपाचं पातं नवं. पट्टा नवा. अजून काय राह्यलं? माणसाच्या हातून जे होते ते सगळं केलं.

खरं सांगायचं त भीती वाटून राह्यली. गाडी उकळते याची नाई. मले काही येत नाई याची. चौतीस वर्षं लोकांच्या गाड्या थंड केल्या, अन् स्वतःच्या पोरीची एक गाडी होत नाई. आकांक्षा वहीत टेंपरेचर लिहून ठेवते, प्रत्येक फेरीचं. मी मागितली नाई, तिनं दाखवली नाई.

येताना गाडीत दोघंच होतो. ती म्हणे, "बाबा, नाई झालं तरी चालते. शोरूम आहेच." तेवढंच. मले रडू आलं, खिडकीबाहेर पाहत राह्यलो.


बुधवार, ३ एप्रिल

सुचलं!

घरी कूलरचं गवत बदलत होतो. जुन्या ताट्या काढल्या, नवीन भरल्या, पाणी सोडलं अन् पंखा लावला. दोन मिनिटांत खोली गार. अन् डोक्यात उजेड पडला. बाहेर बेचाळीस डिग्री, त्या हवेनं रेडिएटर काय डोंबलाचा थंड होईल? पहिले हवाच थंड केली पाहिजे!

कांताले म्हणलं, एक ताटी दे. ती म्हणे, "कूलरचं गवत गाडीले लावता? लोक काय म्हणतील?" म्हणू दे.

पातळ ताटी केली, पट्ट्यांची चौकट. रेडिएटरसमोर बसवली. काच धुवायच्या मोटारीतून नळी काढून वरून थेंब थेंब पाणी सोडलं. आकांक्षा बराच वेळ पाहत होती. म्हणे, "हवा अडणार नाई काय बाबा?" मी म्हणलं, "कूलरची अडते काय?"

ती म्हणे, "रविवारी पाहू. शनिवारी माझी सुट्टी आहे. तेल मीच बदलते, तुम्ही आराम करा. हाताचे टाके वले आहेत."


रविवार, ७ एप्रिल

बारा! बारा फेऱ्या! काटा मधातच, हलला नाई!

सातवीले मी डोळे मिटले होते. आठवी झाली, नववी झाली. दहावीले चौकीदार टाळ्या वाजवून राह्यला होता. मी हात दाखवला, थांब, त ती अजून दोन मारून आली. बॉनेटवर हात ठेवला. गरम, पण माणसासारखं गरम.

जीव भांड्यात पडला. आकांक्षा हेल्मेट काढून हसली. मी तिले मिठी मारली, ती लहान होती तेव्हापासून मारली नव्हती. म्हणलं, "पाह्यलं? बापाची ताटी!" ती म्हणे, "हो बाबा."

गाडी तशीच केळझरले नेली, गणपतीपुढे नारळ फोडला. मग सेलूत पेढे. जयवंताले दुकानातून ओढून आणलं अन् ताटी दाखवली. तो ताटीभोवती दोनदा फिरला. म्हणे, "हेमराज, तू येडा नाई बे, तू शास्त्रज्ञ आहेस!"


शनिवार, १३ एप्रिल

रोज कुणी तरी येते ताटी पाहाले. रोहण्याहून एक जण आला, त्याले ट्रॅक्टरले लावायची आहे. एक पोट्टा मोबाइलवर व्हिडिओ काढून गेला. हॉटेलवाला चहाचे पैसे घेत नाई.

जयवंता म्हणते, अठ्ठावीसले आपण सगळेच जाऊ, जीप करतो. मी म्हणलं, चला! आकांक्षा म्हणे, "एवढे लोक कायले बाबा? तिथं मले टेन्शन येईल." मी म्हणलं, "अगं, हे आपले लोक आहेत."


बुधवार, २४ एप्रिल

हे पान कुणी वाचू नये.

सकाळी गाडीची शेवटची तपासणी केली. वरचा पाण्याचा पाइप फुगल्यासारखा वाटला, म्हणून बदलाले काढला. तोंडात पाह्यलं त आत काहीतरी चमकलं. बोल्ट खोलले.

थर्मोस्टॅट. नवाकोरा.

तळपायाची आग मस्तकात गेली. शनिवारी तेल बदलते म्हणे! आराम करा म्हणे! माझ्या मागं, माझ्याच गॅरेजमध्ये, माझ्याच पान्यानं. चौतीस वर्षांत माझ्या हाताखालच्या कुण्या मिस्त्रीची हिंमत झाली नाई.

एक क्षण आला मनात. म्हणजे मग ताटी नाई? म्हणजे बारा फेऱ्या याच्यामुळे?

नाई. ताटीनंच झालं. सगळ्या सेलूनं पाह्यलं.

काढून टाकला. झाकण बंद केलं, पाइप बसवला, पाणी भरलं. थर्मोस्टॅट फडक्यात गुंडाळून टेबलाच्या खणात. तिले सांगितलं नाई. तिनं मले विचारलं होतं काय, घालताना?

हे इथं तरी खरं लिहिलं पाहिजे. काढताना मले माहीत नव्हतं का हे चूक आहे. पण बरोबर आहे हेही माहीत नव्हतं. चालवून पाहाले तीन दिवस होते. पाह्यलं नाई. पाहाले भ्यालो.


शुक्रवार, २६ एप्रिल

तोंडावर आलं होतं दोनदा. एकदा ती हेल्मेटची काच पुसत होती. एकदा जेवताना. नाई सांगितलं.


रविवार, २८ एप्रिल

संपलं.

सकाळी सातले पोचलो. गाडी टेम्पोवर लादून नेली, मागं जीप. जयवंता, हॉटेलवाला, त्याचे दोघं भाऊ, चौकीदारसुद्धा. सगळे ताटीभोवती गोळा. जयवंता बाजूच्या गाडीवाल्यांना बोलावून बोलावून दाखवत होता, मी समजावून सांगत होतो. पुण्याचा एक जण फोटो काढून गेला. आकांक्षानं इंजिन सुरू केलं, बॉनेट उघडून उभी राह्यली थोडा वेळ. मी आवाज दिला, "काय झालं?" म्हणे, "काही नाई."

तिचा नंबर पाऊण तासानं लागला.

पोरगी काय चालवते! घरचा माणूस म्हणून नाई सांगत. दुसऱ्या फेरीपासून टीमवाले उभे राहून पाहाले लागले. चौथीले त्यांच्यातल्या एका बाईनं घड्याळ दुसऱ्याले दाखवलं. सहावी तिची सगळ्यात फास्ट. जयवंता ओरडून राह्यला होता, त्याचा आवाज बसला.

सातवीले वाफ.

ती ट्रॅकच्या कडेले थांबली. गाडी ओढून आणली त इंजिन खडखडत होतं. हेडचं काम तमाम, ते आवाजावरूनच समजलं. टीमचा माणूस आला. चांगला माणूस, हिंदीत बोलला. म्हणे, लडकी तेज है, पर काँटा चढ़ रहा था तब भी पाँव नहीं उठाया. गाड़ी का दर्द समझना पड़ता है. तिच्या नावापुढं रेघ मारली.

गाडीचं दुखणं समजत नाई म्हणे! तिले! तिथंच बोलाले पाहिजे होतं मी. का साहेब, थांबा, हे माझं काम आहे. पण मागं सगळे आपले लोक उभे.

जयवंता म्हणे, "ताटी सुकली असंल." आकांक्षा म्हणाली, "हो काका. पाणी मीच कमी भरलं."




मंगळवार, ३० एप्रिल

शटर अर्धं खाली ओढून हेड खोललं. वाकडं झालं. गॅसकेट जळून काळी.

मग खणातून तो थर्मोस्टॅट काढला. चहाच्या भांड्यात पाणी घेतलं, तो टाकला अन् स्टोव्ह पेटवला. चौतीस वर्षांत एकदाही हे करून पाह्यलं नव्हतं. काढायचा अन् तारेत ओवायचा, एवढंच माहीत. पाणी तापलं तसा तो उघडाले लागला. वरचं झाकण उघडलं — अन् खालची चकती तेवढीच खाली सरकली. खालची चकती कायले आहे? तो तसाच गरम गरम चिमट्यानं धरून इंजिनाच्या खोबणीत धरला. चकती बरोबर एका भोकावर बसली. बोटभर भोक. तीच आडवाट. थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट उघडते त्याच वेळी ही बंद करते. तो नसला का ही उघडीच. निम्मं गरम पाणी रेडिएटरकडे जातच नाई.

रस्त्यावरच्या गाडीले एवढं जाणवत नाई. पळवली का उकळते.

तिनं पाच मार्चले हेच सांगितलं होतं, दोन वाक्यांत. मी हसलो होतो.

भिंतीवर तार पाह्यली. मोजले नाई. दीड-दोनशे असतील. त्यातल्या कितींचे इंजिन माझ्यामुळं गेले, अन् त्यांनी पुन्हा माझ्याकडेच आणले, अन् मी ड्रायव्हरले म्हणलं, पाणी पाहत जा ना बे. लोक मले मिस्त्री म्हणतात. मले स्वतःची लाज वाटून राह्यली.


गुरुवार, २ मे

आकांक्षा शोरूमले गेली. डबा घेतला, स्कूटीची किल्ली घेतली, रोजच्यासारखी. कांता म्हणे, "तुम्ही दोघंही जेवत नाई. काय झालं ते कुणी सांगेल काय मले?"

सांगितलं त पोरगी जन्मभर तोंड पाहणार नाई. नाई सांगितलं त मी पाहू शकत नाई तिचं.


शनिवार, ४ मे

टीमची यादी लागली मोबाइलवर. दोन नावं. दोन्ही पोट्टे. आकांक्षानंच मले दाखवली. म्हणे, "हा दुसरा माझ्यापेक्षा चार सेकंद मागं होता, बाबा." हसत म्हणाली.

मी उठून गॅरेजवर आलो. आता इथं बसलो आहे. काम काही नाई.


रविवार, ५ मे

सांगून टाकलं. सगळं. खोललं, काढला, खणात ठेवला, भ्यालो, सगळं. ती पोळी मोडत होती, मोडतच राह्यली.

म्हणाली, "माहीत होतं. सकाळी इंजिन सुरू केल्याबरोबर वरचा पाइप गरम लागला. तो आत असता त थंड राह्यला असता."

दुसरा नवा तिच्या बॅगेत होता. दहा मिनिटांचं काम. हाती पाऊण तास.

मी म्हणलं, मग काऊन नाई घातला?

"सगळे तुमच्याभोवती उभे होते ना, बाबा."